हुकूम न पाळणारा जनरल



डहाणूत बोलायचे म्हटल्यावर चिकूला वगळून चालत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वाड्यांमधून फिरताना हे झाड इथल्याच मातीतले वाटते, पण त्याचे मूळ गाव मेक्सिको. स्पॅनिश गलबतांनी ते फिलिपीन्सला नेले आणि तिथून ते आशियाभर पसरले. स्पेन नावाच्या देशाची या तालुक्याला झालेली सर्वांत गोड ओळख तीच म्हणावी लागेल.

दुसरी ओळख कमी गोड आणि बरीचशी विसरलेली आहे. १५८० साली पोर्तुगालचे सिंहासन रिकामे झाले आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ते बळकावले. तेव्हा दमणपासून वसईपर्यंतचा हा किनारा पोर्तुगीजांच्या हाती होता. त्यामुळे १६४० पर्यंत, म्हणजे तब्बल साठ वर्षे, डहाणूच्या खाडीकाठच्या कोळ्याचा राजा कागदोपत्री माद्रिदला राहत होता. मात्र फिलिपने १५८१ मध्ये तोमार गावी भरलेल्या सभेत पोर्तुगीज सरदारांना शब्द दिला होता की पोर्तुगालच्या वसाहतींतल्या जागा पोर्तुगीजांनाच मिळतील. म्हणून स्पॅनिश जनरल काही इकडे आला नाही. आले ते पोर्तुगीज जनरल, आणि ते १९६१ पर्यंत येत राहिले.

आजचे व्याख्यान त्यांतल्या शेवटच्या माणसाबद्दल आहे. मानुएल आंतोनियो व्हास्सालो इ सिल्व्हा हे त्याचे नाव. तो गोव्याचा गव्हर्नर जनरल होता. मग त्याची गोष्ट पणजी सोडून डहाणू-तलासरीत कशाला, असे कुणीही विचारील. कारण असे की त्याच्या राज्याची इमारत पणजीत कोसळली असली तरी तिची पहिली वीट तलासरीच्या वेशीवर निखळली होती.

आधी या जातकुळीविषयी थोडे. हातात तलवार, डोक्यात राजकारण आणि अंगावर गव्हर्नरचा झगा अशी माणसे स्पेन आणि पोर्तुगालच्या साम्राज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली. नमुना पाहायचा तर वालेरियानो वेयलर. मायोर्का बेटावर १८३८ मध्ये जन्म, पुढे फिलिपीन्सचा कॅप्टन जनरल आणि १८९६ मध्ये क्यूबाचा. क्यूबातले बंड मोडण्यासाठी त्याने खेड्यापाड्यांतल्या लोकांना घरेदारे सोडायला लावून लष्कराच्या पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंडले. उपासमारीने आणि रोगराईने लाखाहून अधिक माणसे गेली. अमेरिकेतली वर्तमानपत्रे त्याला खाटीक म्हणू लागली. स्पेनने त्याला १८९७ मध्ये परत बोलावले खरे, पण काही वर्षांतच तो युद्धमंत्री झाला, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. १९३० साली नव्वदी ओलांडून, मानमरातबासह वारला.

आपल्या किनाऱ्यावरही या जातीचे अधिकारी होते. चौलपासून वर गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतच्या मुलखाला पोर्तुगीज उत्तर प्रांत म्हणत, आणि वसईला बसून त्याचा कारभार पाहणारा अधिकारी ‘उत्तरेचा जनरल’ म्हणवला जाई. डहाणू, तारापूर, केळवे, शिरगाव ही सगळी त्याचीच ठाणी. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने ती एकामागून एक घेतली. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव आणि त्यांच्यासारखे अनेक वीर पडले. मे महिन्यात वसईही पडली. तेव्हा किल्ल्याच्या वतीने शरणागतीचा करार करणाऱ्या काएतानो द सौझा परेराला चिमाजींनी आठ दिवसांची मुदत दिली आणि फौजेला हत्यारांसकट, मानाने बाहेर पडू दिले. ज्याला निघायचे त्याने बायकामुले, चीजवस्तू घेऊन निघावे, असा तह. या आठ दिवसांचा हिशेब लक्षात असू द्यावा. पुढे लिस्बनमध्ये बसलेल्या एका गृहस्थालाही आठच दिवस हवे होते, पण अगदी वेगळ्या कामासाठी.

वसई गेली, डहाणू गेले, दमण मात्र राहिले. आणि नंतर एक चमत्कारिक गोष्ट घडली. पोर्तुगीजांना हाकलणाऱ्या मराठ्यांनीच त्यांना पुन्हा मुलूख दिला. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले होते. त्याची भरपाई आणि इंग्रजांविरुद्धची सोय अशा दुहेरी हिशेबातून पुण्याच्या दरबाराने १७७९ मध्ये तह केला. दमणलगतच्या गावांतून वर्षाला १२ हजार रुपयांचा वसूल पोर्तुगीजांना मिळावा, असे ठरले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीची आणि १७८५ मध्ये दादऱ्याची गावे लावून देण्यात आली. एकूण बहात्तर गावे. सागाचे रान, मधून वाहणारी दमणगंगा, वारली, कोकणा, धोडिया या लोकांची वस्ती. तलासरीचे रान कुठे संपते आणि नगर हवेलीचे कुठे सुरू होते हे झाडांना कधी कळले नाही. सोयरिकींनाही कळले नाही. ते कळत होते फक्त नाक्यावरच्या पोलिसाला.

१९४७ नंतर तो पोलीस विचित्र अवस्थेत सापडला. दमण समुद्राकाठी, दादरा आणि नगर हवेली आत डोंगराकडे, आणि मधली जमीन स्वतंत्र भारताची. दमणहून शिल्व्हासाला बंदूक न्यायची तरी भारताची परवानगी लागणार. गोव्यात तेव्हा गव्हर्नर जनरल होता पाउलो बेनार्ड गेदेस, तोही लष्करातला जनरलच. त्याच्याकडे गोव्यात फौज होती, पण ही बहात्तर गावे म्हणजे त्याच्यासाठी कुलपात अडकलेला पैसा. किल्ली दिल्लीच्या खिशात.

१९५४ च्या पावसाळ्यात ते कुलूप फुटले. २१ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्याबरोबरचे मूठभर गोवेकर दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चालून गेले. ठाण्याचा अधिकारी आनिसेतो दो रोझारियो शरण जायला तयार झाला नाही आणि मारला गेला. २८ जुलैला नरोली गेली. आता पाळी शिल्व्हासाची. पुण्या-मुंबईकडची मराठी तरुण मंडळी त्या मोहिमेत होती: राजा वाकणकर, नाना काजरेकर, पुढे शिवशाहीर म्हणून घरोघर पोचलेले बाबासाहेब पुरंदरे, आणि सुधीर फडके. होय, गीतरामायणाचे सुधीर फडके. मोहिमेसाठी पैसा उभा करायला लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रमही झाला होता. तलासरी-डहाणूच्या अंगाने कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि वारली शेतकरी दक्षिणेकडच्या गावांत शिरले. नऊच वर्षांपूर्वी, मे १९४५ मध्ये, तलासरीजवळच्या झरी गावात शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या किसान सभेच्या मेळाव्याला हजारो वारली जमले होते आणि वेठबिगार मोडायची शपथ तिथे घेतली गेली होती. ज्यांनी सावकाराच्या वाड्यापुढे मान वर केली त्यांना पोर्तुगीज शिपायाचे किती भय वाटणार?

२ ऑगस्टला शिल्व्हासा मुक्त झाल्याची घोषणा झाली. पण तिथला प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलियो फिदाल्गो सापडला नाही. तो सुमारे दीडशे पोलीस घेऊन आतल्या खानवेलच्या रानाकडे निघून गेला होता.

या फिदाल्गोपाशी जरा थांबले पाहिजे. ऑगस्टमधले खानवेल ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. नद्या फुगलेल्या, चिखल पोटरीपर्यंत, रानात मिळणारे अन्न आदिवासीच्या घरातल्या नाचणीएवढे. आणि ते घर आता आपले राहिलेले नाही. गोव्याहून मदत यायची तर भारतातून यावी लागणार, म्हणजे ती येणार नाही. फिदाल्गोने नऊ-दहा दिवस काढले आणि ११ ऑगस्टला उधव्याला येऊन भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. आज तलासरीहून खानवेलला जाणारी वाहने उधव्यावरूनच जातात.

म्हणजे तीन आठवड्यांत या टापूने पोर्तुगीज अधिकाऱ्याचे दोन नमुने पाहिले. रोझारियो ठाण्याच्या दारात मेला. लिस्बनने त्याला हुतात्मा केले. फिदाल्गो माणसे जिवंत ठेवून चालत आला. त्याच्या वाट्याला गौरव आला नाही. सात वर्षांनी हाच पेच, कितीतरी मोठ्या आकाराचा, व्हास्सालो इ सिल्व्हापुढे वाढून ठेवला जाणार होता.

मधल्या काळात लिस्बनने कज्जा मांडला. २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा दाखल केला: आमच्याच गावांत जायला आम्हाला वाट द्या. भारताची बाजू ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी लढवली, आणि न्यायासनावर भारतातर्फे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले महंमद करीम छागला होते. दमणगंगेकाठच्या बहात्तर गावांसाठी पेशवाईतले कागद समुद्रापार गेले. मराठी मजकूर आणि पोर्तुगीज मजकूर शेजारी ठेवून खल झाला की पुण्याच्या दरबाराने १७७९ मध्ये नेमके दिले तरी काय? राज्य दिले की नुसता वसूल? १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने मानले की मराठ्यांनी दिला तो सरंजाम, जहागीर. सार्वभौमत्व नव्हे. नाना फडणविसांच्या दफ्तरातली कारकुनी अशी पावणेदोनशे वर्षांनी कामाला आली. अर्थात न्यायालयाने पोर्तुगालला अगदीच रिक्त हस्ते पाठवले नाही. पुढे इंग्रजांनी तिथला पोर्तुगीजांचा अंमल मुकाट मान्य केला होता, त्यामुळे नागरिकांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला ये-जा करायचा हक्क होता, असे सांगितले. मात्र सैन्याला, सशस्त्र पोलिसांना आणि दारूगोळ्याला तो नव्हता, आणि १९५४ मध्ये भारताने वाट अडवली त्यात काही चुकले नाही. वाट असून फौज नाही, तर जनरलला ती वाट काय कामाची!

हा निकाल लागला तेव्हा पणजीत व्हास्सालो इ सिल्व्हा येऊन दीड वर्ष होत आले होते.

त्याचा जन्म १८९९ चा, तोर्रेस नोव्हास गावचा. फिलिपने जिथे शब्द दिला ते तोमार तिथून जवळच. लष्करात तो अभियंता होता. रणांगणात नाव कमावलेला सेनापती नव्हे, तर पूल, रस्ते, बांधकामे यांतला माणूस. १९५८ च्या अखेरीस त्याची गोव्यावर नेमणूक झाली. त्याच वर्षी जूनमध्ये उंबेर्तो देल्गादो नावाच्या दुसऱ्या एका जनरलने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या उमेदवाराविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवून राजवट हादरवली होती. मी निवडून आलो तर सालाझारला घरी पाठवीन, असे तो उघड सांगत फिरला. निवडणूक त्याच्या पदरात पडू दिली गेली नाही. पुढे १९६५ मध्ये स्पेनच्या हद्दीत गुप्त पोलिसांनी त्याचा खून केला. अशा वर्षी लिस्बनहून गोव्याला निघणाऱ्या जनरलवर सालाझारचा विश्वास असणारच.

पण घरात मात्र एक वेगळाच निखारा होता. मारिया लामास ही जनरलची थोरली बहीण. लेखिका, पत्रकार, पोर्तुगालच्या खेड्यापाड्यांतून फिरून तिथल्या कष्टकरी बायकांच्या जगण्यावर जाडजूड ग्रंथ लिहिणारी. सालाझारच्या गुप्त पोलिसांनी तिला अनेकदा तुरुंगात टाकले. भाऊ सालाझारचा गव्हर्नर, बहीण सालाझारची कैदी. मराठी नाटककाराला सुचले असते तर लोक म्हणाले असते, फारच जुळवून आणले आहे.

गोव्यात तो लोकांत मिसळणारा म्हणून ओळखला गेला. गावोगाव जायचा, बांधकामांत लक्ष घालायचा. मँगनीज आणि लोहखनिजाच्या पैशाने गोव्यात तेव्हा बरी चलती होती. तरी त्याचे चित्र फार गोजिरे रंगवायचे कारण नाही. आग्वादच्या तुरुंगात स्वातंत्र्यसैनिक होते ते त्याच्याच कारकिर्दीत. मोहन रानडे या सांगलीकडच्या शिक्षकाला १९५५ मध्ये पकडले होते. १९६० मध्ये त्यांना गोव्यातून उचलून थेट पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन ठेवले. चांगल्या स्वभावाचा गव्हर्नरही वसाहतीचाच गव्हर्नर असतो.

१९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरच्या पोर्तुगीज शिबंदीने ‘साबरमती’ या भारतीय प्रवासी बोटीवर गोळीबार केला आणि काही दिवसांनी एका मच्छीमाराचा जीव घेतला. दिल्लीचा संयम सुटला. बेळगावच्या बाजूला फौजा जमू लागल्या.

गोव्याच्या बचावासाठी व्हास्सालोकडे काय होते? साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक. रणगाडे नाहीत, लढाऊ विमान एकही नाही. ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ नावाची १९३० च्या दशकातली एक जुनी युद्धनौका. १५१० मध्ये ज्याने गोवा घेतला त्याचेच नाव तिला. समोर भारताचे सुमारे ४५ हजार. दारूगोळ्याचा तुटवडा तर असा की त्याची एक दंतकथाच झाली. पोर्तुगीज सैनिक ती वर्षानुवर्षे सांगत आले. रणगाडाविरोधी बाँबना सांकेतिक भाषेत ‘शोरीसूश’ म्हणायचे ठरले होते, म्हणजे आपल्या गोव्यातले चोरीस, मसाला भरलेली डुकराची सॉसेजेस. गोव्याने तार केली: चोरीस पाठवा. लिस्बनहून विमान आले, खोके उघडले, आत चोरीस! नाताळ जवळ आला होता. खाणाऱ्यांची सोय झाली एवढेच.

१४ डिसेंबरला सालाझारची तार आली. तिचा मथितार्थ असा: तह नको, शरणागती नको. आपले सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील नाही तर मरतील. निदान आठ दिवस तरी झुंजा, म्हणजे तेवढ्यात जगाच्या दरबारात ओरड करता येईल. याच्या जोडीला दोन गोष्टी होत्या. जाताना शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून नासधूस करण्याची योजना, आणि जुन्या गोव्यातले सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष लिस्बनला पाठवून देण्याचे फर्मान.

हे आठ दिवस नीट पाहावेत. चिमाजींनी वसईच्या तटाबाहेर उभे राहून दिलेले आठ दिवस माणसे जिवंत बाहेर पडावीत म्हणून होते. सालाझारचे आठ दिवस माणसे मरत राहावीत म्हणून, कारण मेलेल्यांचा आकडा हाच त्याचा युक्तिवाद होता. हुकूम काढणारा लिस्बनमध्ये होता, आठ हजार किलोमीटरच्या आसपास दूर. पोर्तुगालबाहेर तो फारसा कधी गेलाच नव्हता, आणि गोवा तर त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

वेयलर असता तर त्याने काय केले असते याचा अंदाज बांधता येतो. व्हास्सालोने काय केले ते ठाऊक आहे. संताचे अवशेष त्याने जागचे हलवले नाहीत. काही पूल उडवले गेले, कारण माघार घेणारी फौज ते करतेच. पण पणजी जाळली नाही, जुन्या गोव्याची चर्चे उडवली नाहीत. पूल बांधण्यात हयात घालवलेल्या माणसाला चारशे वर्षांच्या इमारती सुरुंगाने उडवणे म्हणजे स्वतःचाच पुरावा नष्ट करणे वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

१७ डिसेंबरच्या रात्री भारतीय फौजा हलल्या. १८ तारखेला दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले, बांबोळीचे आकाशवाणी केंद्र बंद पडले. ‘आफोन्सो द आल्बुकेर्क’ने भारतीय युद्धनौकांशी दोन हात केले, तिचा कप्तान आरागाओ जबर जखमी झाला आणि नौका किनाऱ्याला लागून बसली. साडेचारशे वर्षांपूर्वी त्या नावाचा माणूस याच पाण्यातून आत आला होता.

तलासरीच्या लोकांच्या दृष्टीने खरी लढाई दमणची. जंगी पलटण म्हणजे पहिली मराठा लाइट इन्फंट्री, लेफ्टनंट कर्नल एस. जे. एस. भोसले यांच्या हाताखाली, १८ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी दमणच्या विमानतळाकडे सरकली. वरून हवाई दलाच्या विमानांचा मारा. दिवसभर चकमकी झाल्या आणि १९ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास दमणच्या पोर्तुगीज गव्हर्नरने शस्त्रे खाली ठेवली. त्या हल्ल्यात भारताचे चार जवान गेले, पोर्तुगीजांचे दहा. चिमाजी आप्पांच्या फौजेला १७३९ मध्ये जे ठाणे घेणे जमले नाही ते मराठा पलटणीनेच घेतले. इतिहास असा नेमका हिशेब क्वचितच पुरा करतो आणि केला तरी दोनशे बावीस वर्षे लावतो.

गोव्यात १९ तारखेच्या सकाळी फौज पणजीत शिरली. व्हास्सालो तोवर मुरगावच्या बाजूला, वास्कोला गेला होता. रात्री साडेआठच्या सुमारास त्याने शरणागतीच्या कागदावर सही केली. भारताच्या वतीने ब्रिगेडियर धिल्लन हजर होते. आठ दिवसांऐवजी दोन दिवसही पुरे झाले नव्हते. सगळ्या आघाड्यांवर मिळून भारताचे बावीस आणि पोर्तुगालचे तीस सैनिक कामी आले. सालाझारच्या हुकमाप्रमाणे तीनाच्या पुढे आणखी दोन शून्ये लागली असती. गावकऱ्यांची मोजदाद वेगळीच.

४,६६८ लोक कैद झाले. त्यांना परत नेण्याची सालाझारला घाई नव्हती; विमाने कुणाची, बोटी कुणाच्या, बोलायचे कुणी कुणाशी यावर महिने गेले. अखेर मे १९६२ मध्ये ते कराचीमार्गे घरी पोचले. स्वागताला बँड नव्हता. लष्करी पोलीस बंदुका रोखून उभे होते. आपण भारताच्या कैदेत होतो की आता कैदेत पडलो, असा प्रश्न त्यांतल्या अनेकांना पडला असणार.

मार्च १९६३ मध्ये व्हास्सालोला सैन्यातून काढून टाकण्यात आले, बरोबर आणखी काही अधिकाऱ्यांना. वेयलर खाटीक ठरूनही मंत्री झाला होता; व्हास्सालोने हजारो माणसे वाचवली आणि त्याचा हुद्दा गेला. त्याला शूर म्हणावे का? युद्धशास्त्राच्या काट्यावर बहुधा नाही. त्याच्या संरक्षणयोजनेत फारसा दम नव्हता, आणि समोर दहापट फौज असताना शरण जायला फार मोठे शौर्य लागत नाही, असेही कुणी म्हणेल. पण लागले ते वेगळ्या दिशेचे. सालाझारच्या राजवटीत पंचवीस-तीस वर्षे हुकूम झेलत वर चढलेल्या माणसाने एकदाच हुकूम मोडला, आणि तोही परिणाम पुरता ठाऊक असताना. उधव्याला चालत आलेल्या फिदाल्गोचाच हा मोठा भाऊ म्हणायचा.

आणि आता एक योगायोग, जो पोर्तुगीज लेखक सांगत नाहीत कारण त्यांना रानडे ठाऊक नाहीत, आणि मराठी लेखक सांगत नाहीत कारण त्यांना व्हास्सालो ठाऊक नाही. गोव्याचा बडतर्फ गव्हर्नर जनरल पोर्तुगालमध्ये अवमानाचे दिवस काढत होता तेव्हा लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात त्याच्याच काळात गोव्यातून पाठवलेला कैदी बसला होता: मोहन रानडे. दोघांनाही शिक्षा देणारा माणूस एकच. रानड्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात धडपडणाऱ्यांत शिल्व्हासाच्या मोहिमेतले सुधीर फडके आघाडीवर होते. शेवटी तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुरै यांनी १९६८ मध्ये थेट पोपला गळ घातली. १९६९ च्या जानेवारीत रानडे सुटले. त्याच वर्षी मारिया लामास पॅरिसमधला विजनवास संपवून मायदेशी परतली.

जनरलला मात्र अजून पाच वर्षे वाट पाहायची होती. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये सैनिकांनीच राजवट उलथली, बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी लाल फुले खोचली, आणि वर्ष संपता संपता पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताची असल्याचे मान्य केले. तेव्हा कुठे व्हास्सालो इ सिल्व्हाला त्याचा हुद्दा परत मिळाला. १९८० मध्ये तो गोव्याला पाहुणा म्हणून आला. वय ऐंशी. लोकांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. जुन्या गोव्यातली चर्चे जागच्या जागी उभी होती, आणि संताचे अवशेषही.